चांदोबा मालिका बघत नसावा

उत्तर महाराष्ट्रातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरात त्या, त्यांचे पती, यंदा दहावीच्या परीक्षेला बसणारा मुलगा आणि ७८ वर्षांचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, असे चौघे राहतात. पाचवे म्हणजे कासव. ११ वर्षांपूर्वी वास्तूला चांगले असते म्हणून पतीच्या एका मित्राने ते भेट दिले. काळपट पाठीवर पिवळ्या चांदण्या असल्यामुळे त्याचे नाव चांदोबा पडले. नाना संध्याकाळी ६ वाजता दिवाणखान्यातला टीव्ही लावतात आणि रात्री साडेदहापर्यंत बातम्या व मालिका मोठ्या आवाजात पाहतात. चांदोबाही त्या वेळी टीव्हीच्या कपाटाखाली येऊन बसतो, त्यामुळे "तोही मालिका बघतो" असे घरात कौतुकाने म्हटले जाते. गेले १२ दिवस त्याने काही खाल्लेले नाही, नाकाशी बुडबुडे येतात, डोळे सुजले आहेत आणि तो मान लांब करून तोंड उघडतो. टीव्हीच्या गोंगाटाने तो आजारी पडला, असे ताईंना वाटते. "थंडीत कासवे झोपतातच, आणि डॉक्टरकडे नेले तर नसती चौकशी मागे लागेल," असे पती म्हणतात. नाना टीव्ही बंद करू देत नाहीत, कारण चांदोबाला त्याची सवय आहे. "मुलगा बोलला की नाना ऐकतात, मी बोलले की लक्षच देत नाहीत. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून हे वाढले आहे. नानांना टीव्ही बंद करायला कसे सांगू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न टीव्हीबद्दल आहे, परंतु मी आधी कासवाबद्दल लिहिणार आहे, कारण टीव्हीचे भांडण आणखी आठ दिवस थांबू शकते आणि चांदोबा थांबू शकेल असे तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. नाकाशी बुडबुडे, मान ताणून तोंडाने घेतलेला श्वास, सुजलेले डोळे आणि अन्न सोडणे ही सगळी लक्षणे एकत्र दिसतात, तेव्हा श्वसनमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याला कफ झाला तर आपण खोकून तो बाहेर काढतो. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नसते, त्यामुळे त्याला जोर लावून खोकता येत नाही आणि फुप्फुसात साठलेला द्रव तिथेच राहतो. म्हणून "बघू चार दिवस" हे धोरण माणसाच्या सर्दीला चालते, तसे कासवाच्या सर्दीला चालत नाही.

"थंडीत कासवे झोपतात" हे तुमच्या पतीचे म्हणणे युरोपातील काही जातींच्या बाबतीत खरे आहे. ती कासवे हिवाळाभर जमिनीखाली निद्रिस्त असतात. काळपट पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेले, म्हणजे वर्णनावरून स्टार कासव वाटणारे तुमचे कासव त्यांपैकी नाही. ही जात भारताच्या वायव्येकडील कोरड्या मुलखातली, दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली. थंडीत ती मंदावते, कमी खाते, परंतु युरोपीय कासवांसारखी महिनोन् महिने झोपत नाही. शिवाय झोपलेल्या प्राण्याच्या नाकातून बुडबुडे येत नाहीत.

आता त्या मालिका बघण्याविषयी. तुमच्या घरातले हे कौतुक मोडताना मला थोडे वाईट वाटते आहे, तरी एक प्रयोग करून पाहा. आज संध्याकाळी सात वाजता दिवाणखान्याच्या मधल्या फरशीवर तळहात टेकवा, आणि मग तोच हात टीव्हीच्या कपाटाखाली, सेट टॉप बॉक्स ठेवला आहे त्या बाजूला घाला. तुमच्या भागात जानेवारीतला पारा दहाच्या आसपास उतरतो, फरशी बर्फासारखी होते, आणि त्या वेळी घरातली जमिनीलगतची एकमेव उबदार जागा बहुधा तीच असेल. कासवाला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून टिकवता येत नाही. त्याला ती बाहेरून मिळवावी लागते आणि अन्न पचणे, रोगाशी लढणे ही सगळी कामे त्या उष्णतेवर चालतात. सूर्य मावळला की ते ऊब शोधत निघते. तिथे नाना बसलेले असतात आणि तुम्हीच लिहिल्याप्रमाणे जाहिराती लागल्या की त्याला मारी बिस्किटाचा तुकडा देतात. कासवे भरवणारा हात ओळखतात, त्यामुळे नाना आणि चांदोबा यांच्यात काही नाते नाही असे मी म्हणणार नाही. परंतु तो टीव्हीपाशी येत होता तो बहुधा गारठ्यामुळे, आणि ११ हिवाळे आपण त्याला त्याचा स्वभाव समजत आलो.

तुमच्या उलट्या समजुतीचेही तसेच आहे. टीव्हीच्या आवाजाने संसर्ग होत नाही. कासवाला बाहेरून कान दिसत नसले तरी ते बहिरे नसते. डोळ्यांच्या मागे त्वचेखाली पडदा असतो, आणि खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज व जमिनीतून येणारी कंपने त्याला चांगली कळतात. त्यामुळे टीव्हीचा घुमणारा स्पीकर त्याच कपाटात असेल, तर आजारी प्राण्याला त्याचा त्रास होऊ शकतो. रात्री साडेदहापर्यंत डोळ्यांवर हलता उजेड राहिल्याने त्याच्या दिवसरात्रीचे गणितही बिघडते. त्याची जागा बदलायला हवी हे तुमचे म्हणणे म्हणून बरोबर आहे, परंतु टीव्ही बंद केल्याने तो बरा होईल ही अपेक्षा बरोबर नाही. खरी कारणे तुमच्याच पत्रात इतरत्र विखुरलेली आहेत. बाल्कनी काचेने बंद केल्यापासून तो बाहेर जात नाही, असे तुम्ही लिहिता. "पण सकाळी ऊन भरपूर येते" असेही लिहिता. काचेतून ऊब आणि उजेड आत येतो, परंतु ड जीवनसत्त्व तयार करायला लागणारे अतिनील किरण बव्हंशी काचेतच अडतात. त्याविना कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही आणि हाडे व कवच कमकुवत होत जाते. खाण्यात काकडी, टोमॅटो, कोबी, कधी दुधात कुस्करलेली पोळी आणि रोज बिस्किट. हा प्राणी गवत, रानपाला आणि काटेरी निवडुंगावर वाढलेला आहे. भरपूर चोथा आणि कॅल्शियम, आणि अगदी कमी साखर व प्रथिने, असा त्याचा आहार असतो. दूध तर त्याच्या पोटाला कधीच ठाऊक नव्हते. तुम्ही प्रेमाने दिले याबद्दल मला शंका नाही, आणि दुकानातून कुत्र्याचे पिल्लू आणताना मिळते तसे माहितीपत्रकही तुम्हाला कोणी दिले नव्हते. ते का दिले नव्हते, हे पुढे येतेच.

डॉक्टर भेटेपर्यंत एक मोठा पुठ्ठ्याचा किंवा लाकडी खोका घ्या, तळाशी वर्तमानपत्राचे कागद घाला आणि तो टीव्हीपासून दूर, वाऱ्याच्या झोतात येणार नाही अशा खोलीत ठेवा. खोक्याच्या एका टोकावर जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब वीतभराहून बऱ्याच उंचीवर लावा. एलईडी चालणार नाही, कारण तो उष्णता देत नाही. बल्बखाली ३० ते ३२ अंश तापमान राहील इतपत अंतर ठेवा, दुसरे टोक थोडे गार राहू द्या म्हणजे त्याला नको वाटल्यास सरकता येईल, आणि अंदाजावर न जाता साधा तापमापक आत ठेवा. रात्री उजेड नको, पण खोली गारठू देऊ नका. दिवसातून एकदा पसरट परातीत कोमट पाणी, त्याच्या हनुवटीच्या खाली राहील इतकेच, घेऊन त्याला १५ मिनिटे उभे करा आणि कोणीतरी शेजारी बसून राहा, कारण अशक्त कासवाची मान पाण्यात गेली तर त्याला ती उचलता येत नाही. मग कोरडे पुसा. तोंड उघडून काही भरवू नका. घरातली अँटिबायोटिकची गोळी, माणसाच्या डोळ्यांचे थेंब, कवचाला खोबरेल तेल, ओव्याची धुरी यांतले काहीही करू नका. जंतासाठी गुरांना किंवा कुत्र्यांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन तर कासवाला प्राणघातक ठरते, तेव्हा "माझ्याकडे औषध आहे" म्हणणाऱ्या हितचिंतकापासूनही त्याला वाचवा.

आता ती चौकशीची गोष्ट, जिच्यामुळे तुमचे पती डॉक्टरकडे जायला बिचकतात. तुमच्या शहराचे नाव मी मुद्दाम गाळले आहे, त्याचे कारणही हेच. स्टार कासव घरात पाळणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या २०२२ मधील दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ही जात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याआधीही ती संरक्षित होतीच, त्यामुळे ११ वर्षांपूर्वी मित्राने दिले तेव्हाही ते कायदेशीर नव्हते. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस करारानेही २०१९ साली तिला पहिल्या परिशिष्टात घातले, कारण रानातून गोळा करून पिशव्यांत भरून विकल्या जाणाऱ्या प्राण्यांत ही कासवे फार मोठ्या संख्येने असतात. तुमच्या घरी आलेला चांदोबा असाच कुठल्यातरी माळरानावरून उचललेला असणार. घरात लक्ष्मी येण्याशी त्याचा काय संबंध असतो, हे मला कधीच कळलेले नाही. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचे कासव शतकानुशतके आहे आणि त्याने कधी बिस्किट मागितलेले नाही. वास्तूला कासव हवेच असेल तर पितळेचे ठेवावे.

तुम्ही घाबराल हे जाणून लिहिते आहे. पती म्हणतात तशी चौकशी होऊ शकते. अनुसूची १ मधील प्राण्याच्या बाबतीत कायद्यात तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड, अशी कडक शिक्षा आहे. स्वतःहून आणून दिले म्हणजे काहीच होणार नाही, असे लेखी अभय मी देऊ शकत नाही. त्यासाठी आधी एखाद्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या, आणि ते बोलणे उद्याच करा. परंतु पर्याय तोलून पाहा. लपवून ठेवले तर प्राणी उपचाराविना मरतो, कायद्याचा भंग चालूच राहतो आणि दहावीतला मुलगा हे सगळे पाहत असतो. गुपचूप औषध देणारा कोणी मिळाला, तरी मूळ प्रश्न पुढच्या थंडीत पुन्हा उभा राहतो. स्वतः पुढे होऊन वनविभागाला कळवले तर निदान चांदोबाला वन्यप्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर मिळतो. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, किंवा तुमच्या शहरातील वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात थेट जाता येते. प्राणी आजारी आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि स्वाधीन केल्याची पोच मागा.

चौथा पर्याय तुम्ही लिहिलेला नाही, पण घरात कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. त्याला नदीत, धरणावर किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. कासव म्हटले की आपल्याला पाणी आठवते, पण हे कोरड्या जमिनीवरचे कासव आहे आणि खोल पाण्यात ते बुडते. माळरानावर सोडले तरी ११ वर्षे फरशीवर वाढलेला, आजारी प्राणी तिथे जगणार नाही, उलट त्याचा आजार तिथल्या प्राण्यांना जाऊ शकतो. याच सदराच्या ज्या वाचकांकडे लाल कानपट्टीची, पाण्यात राहणारी परदेशी कासवे काचेच्या टाकीत आहेत, त्यांनाही हे तितकेच लागू आहे. ती तुमच्या चांदोबासारखी इथल्या रानातून उचललेली नाहीत, पण तलावात सोडली तर स्थानिक कासवांच्या मुळावर येतात. त्यांनाही ऊब, काचेआडून न आलेले ऊन किंवा त्यासाठीचा खास दिवा, आणि सुक्या कोळंबीपलीकडचे अन्न लागते. डोळे सुजणे हे त्यांच्यात बहुतेकदा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असते, तेव्हा केवळ पाणी बदलून ते जात नाही.

आता नानांकडे येते. तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले : "मुलगा बोलला की ऐकतात, मी बोलले की लक्षच देत नाहीत." याचा अर्थ तुम्ही सासऱ्यांचा सुनेकडे पाहण्याचा दृष्टिकोन असा लावला आहे, आणि तोही असू शकतो, आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिले आहे की नानांनी ३० वर्षे छापखान्यात यंत्रांशेजारी काम केले. अशा आवाजाने आणि वयाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरे पुसट होतात, "सात" आणि "हात" सारखे ऐकू येते, आणि बायकांचे व मुलांचे आवाज पुरुषांच्या भरदार आवाजापेक्षा आधी हरवतात. तुमचा मुलगा दहावीत आहे म्हणजे त्याचा आवाज फुटला असणार. नातू आठ वर्षांचा होता तेव्हा नाना त्याचेही ऐकत नसत का, हे जरा आठवून पाहा. टीव्हीचा आवाज वाढवत नेण्याचे कारणही तेच असू शकते. आवाज वाढवून शब्द मोठा होतो, स्पष्ट होत नाही, त्यातून मालिकेत दर वाक्यामागे ढणढणाट असतो आणि बातम्यांत सहा जण एकदम ओरडत असतात. मी नानांना पाहिलेले नाही, तेव्हा माझा अंदाज चुकूही शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन मळ काढणे आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करणे हे एका सकाळचे काम आहे. टीव्हीच्या भांडणात उतरण्याआधी तेवढे करून घ्या.

कानाची तपासणी झाली की पर्याय दिसू लागतील. टीव्ही नानांच्या खोलीत हलवावा, असे तुमच्या पतींनी सुचवले आहे. मुलाच्या अभ्यासाच्या दृष्टीने ते सोयीचे आहे आणि अनेक घरांत हेच केले जाते, तरी मला ते पटत नाही. दिवाणखान्यात निदान जाता येता कोणीतरी त्यांच्याशी दोन शब्द बोलते. खोलीत गेलेला टीव्ही आणि त्याच्यासमोरचा माणूस, दोघेही घराला दिसेनासे होतात. सासूबाई होत्या तोवर टीव्ही आठच्या एका मालिकेपुरता लागायचा आणि ती ते दोघे मिळून पाहत, असे तुम्ही लिहिले आहे. त्या गेल्यावर तासाचे साडेचार तास झाले. हे वेड मालिकांचे आहे की रिकाम्या खुर्चीचे, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही, पण केवळ रिमोट लपवून ते सुटणार नाही इतके नक्की. बिनतारी हेडफोन हा परीक्षेपर्यंतचा सर्वांत सोपा उपाय आहे. आवाज त्यांच्या कानाशी येतो, घर शांत राहते, आणि त्यांना शब्दही नीट कळतात. सुरुवातीला ते वैतागतील, तेव्हा नातवाने जोडून दाखवावा. दुसरे म्हणजे, मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, तेव्हा संध्याकाळचे सहा ते आठ हे दोन तास अभ्यासाला मोकळे ठेवून त्यांनी आपल्या आवडीच्या मालिका दुपारी पाहाव्यात, अशी देवाणघेवाण करता येईल. ही मागणी एकट्या नानांकडे करू नका. त्या दोन तासांत तुमचे पती मोबाइलवर क्रिकेट पाहणार असतील तर ती टिकणार नाही. आणि रात्री आठची मालिका तुम्हीही ओट्यापाशी उभ्या राहून ऐकता, असे कंसात का होईना लिहिलेच आहे. मग ती एक तरी बसून, नानांच्या शेजारी पाहायला काय हरकत आहे?

सांगायचे कसे, हा तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगू नका. आधी चांदोबाची सांगा, आणि टीव्ही चालू असताना नव्हे, सकाळी चहा झाल्यावर, उजेडात, समोर बसून, म्हणजे त्यांना तुमचे ओठ दिसतील. ओरडू नका, सावकाश बोला. "तुमच्या टीव्हीमुळे आजारी पडला" हे वाक्य मनातूनही काढून टाका, ते खरेही नाही. त्याला गारठा लागतो म्हणून तो तुमच्यापाशी यायचा, हे सांगा, आणि कपाटाखाली त्यांनाही हात घालू द्या. कायद्याचे पतीने समजावावे. एक योगायोग असा की वन्यजीव कायदा आणि मुंबई दूरदर्शन ही दोन्ही १९७२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली अपत्ये आहेत. तेव्हा नाना चोविशीत असतील. त्यांच्या पिढीला हा कायदा "नवीन काहीतरी" वाटतो, पण तो त्यांच्या टीव्हीइतकाच जुना आहे, असे सांगून पाहा, कदाचित हसतील. हसले नाहीत, रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, तरी चालेल. पत्नीमागे जो जीव रोज संध्याकाळी त्यांच्या पायाशी येऊन बसत होता, तो जातो आहे. निर्णय झाल्यावर त्यांना कळवायचे, असे मात्र करू नका. फोन लावताना ते शेजारी असू देत आणि खोका नेताना तो त्यांच्या मांडीवर असू देत.

खोका नेण्याआधी एक काम त्यांच्याकडेच द्या. चांदोबाने शेवटचे कधी खाल्ले, काय खायचा, शी कधी व कशी झाली, बुडबुडे कधी दिसले, कोणते औषध दिले का, त्याचे स्वयंपाकघरातल्या काट्यावर आजचे वजन किती, हे सगळे डॉक्टर विचारणार आहेत आणि ११ वर्षांत ते सर्वांत जवळून पाहिलेला माणूस नानाच आहे. तारखांसह एका कागदावर लिहून द्यायला सांगा. बिस्किटेही लिहायची आहेत, हे त्यांना हळूच आठवून द्या.